शाहिराचा डफ आणि मतदाराचे मत

‘तुतारी’कार केशवसुतांच्या या मालगुंड गावी शब्दाचे सामर्थ्य सांगावयास नको. परंतु तोच शब्द डफावर चढून भर सभेत आला म्हणजे काय होते?

१९५७ सालच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांसारखे शाहीर उभे होते. डफावर थाप पडली की विखुरलेली माणसे जवळ सरकत. शाहिराने ओळ टाकावी, झीलकऱ्यांनी ती उचलावी, आणि पाहता पाहता सभाच गाऊ लागावी! शेजारचा मग परका राहत नसे. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीतला नायक पोटासाठी मुंबईस गेलेला. घरोघरचे चाकरमानी मुंबईस धाडणाऱ्या कोकणाला ही ताटातूट समजावून सांगावी लागत नव्हती. घरचा विरह आणि मराठी मुलखाची फाटाफूट एकाच सुरात जुळली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

मात्र सूर माणसे जोडतो. हिशेब मांडीत नाही. चुकीच्या मागणीसाठीही डफ तितकाच घुमतो. म्हणून गाण्यात मनसोक्त सामील व्हावे. पण डफ खाली ठेवला म्हणजे वक्त्याचे म्हणणे शांतपणे तोलावे. मत देताना आपल्यामागे झीलकरी नसतात.