दुकान आपले, कागद कोणाचा?

पनवेल, तळोजे, उरणपासून खाली म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत, ज्यातले कोणीच आखातात गेले नाही असे मुस्लिम घर शोधावेच लागेल. आजोबांच्या पिढीने बोटीवर नोकरी केली, वडिलांच्या पिढीने कुवेत, कतार, सौदी पाहिले. आता घरातला मुलगा म्हणतो, नोकरी नको, तिकडे आपलेच काहीतरी टाकू. त्यात नवी मुंबईचे विमानतळ पनवेल तालुक्यातच उभे राहिले. ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. परदेश दाराशी आला. त्याबरोबर मोबाइलवर जाहिरातीही आल्या: दुबईत कंपनी, व्हिसासकट, आठवड्यात.

या जाहिराती परवाना विकतात. तो परवाना आपल्या धंद्याला चालतो की नाही, हे त्यांत क्वचितच लिहिलेले असते. लग्नातले दागिने गहाण ठेवून, मामा-चुलत्यांकडून उसने घेऊन जो पैसा उभा राहतो, तो बहुतेक वेळा याच अज्ञानात बुडतो.

परवान्याचे दुखणे आपल्या लोकांना नवे नाही. रत्नागिरी, जंजिरा आणि तेव्हाचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचे रायगड, इथून निघालेले कोकणी मुस्लिम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला पोहोचले. त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे छोटी दुकाने काढली. तिकडे नाताळ वसाहतीने १८९७मध्ये कायदा केला, की दुकानाचा परवाना द्यायचा की नाही हे अधिकारी ठरवील, त्याविरुद्ध कोर्टात दाद नाही, आणि हिशेबाच्या वह्या इंग्रजीत हव्यात. रोख हिंदी व्यापाऱ्यांवर होता. गांधीजींनी त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले. केप वसाहतीतही १९०६मध्ये दुकानदारांच्या परवान्यांसाठी असाच कायदा आला. परक्या मुलखात दुकानातल्या मालापेक्षा भिंतीवरचा कागद महत्त्वाचा ठरतो, हे आपल्या पूर्वजांनी तेव्हाच भोगले आहे.

आखातात गोष्ट वेगळी होती, पण फार वेगळी नाही. संयुक्त अरब अमिरातीत फ्री झोनबाहेर व्यापारी कंपनी काढायची तर ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाच्या नावावर ठेवावा लागे. पैसा आपला, मेहनत आपली, आणि कागदावर मालक अरबाब. त्याला वर्षाची ठरलेली रक्कम द्यायची आणि बाजूला एक खासगी करार करून ठेवायचा. कित्येकांचे अरबाब भले निघाले, दोन-दोन पिढ्या व्यवहार चालला. पण अरबाबाचा इंतकाल झाला आणि मुलांनी हिशेब मागितला, की तो बाजूचा करार कोर्टात किती टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नसे.

१ जून २०२१पासून हे बदलले. बहुतेक व्यापारी आणि औद्योगिक कामांसाठी परदेशी माणूस आता तिथे शंभर टक्के मालक होऊ शकतो. तरीही जुन्या सवयीने ‘स्पॉन्सर मिळवून देतो’ म्हणणारे एजंट अजून भेटतात. ज्या कामाला स्पॉन्सर लागतच नाही त्यासाठी दरवर्षी पैसे मोजण्यात काय शहाणपण?

सौदीत तर हे प्रकरण सरळ तुरुंगाकडे नेते. परक्याने सौदी माणसाच्या नावावर धंदा चालवणे याला तिथे ‘तसत्तुर’ म्हणतात. २०२०च्या कायद्याने त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रियालपर्यंत दंड ठेवला आहे. ‘सगळेच करतात’ हे तिथे उत्तर नाही. तिथे गुंतवणूक मंत्रालयाकडे रीतसर नोंदणी करावी, नाहीतर धंद्याचा विचार सोडावा.

आता दुबईचेच घेऊ, कारण पनवेलकरांचा ओढा तिकडे जास्त. तिथे दोन दारे आहेत. एक मेनलँडचे. हा परवाना अर्थ व पर्यटन खाते देते. दुसरे फ्री झोनचे. जेबेल अली हा १९८५मध्ये सुरू झालेला दुबईचा जुना फ्री झोन. आता शारजा, अजमान, रास अल खैमा धरून देशात असे अनेक झोन आहेत. फ्री झोनमध्ये पहिल्यापासून शंभर टक्के मालकी होती, कागदपत्रे कमी, सामायिक टेबलावर काम भागते, म्हणून स्वस्त. जाहिरातीतला परवाना बहुधा हाच असतो.

समजा, आपल्या मुलाला देरा भागात मसाले आणि पापड-लोणच्याचे दुकान काढायचे आहे. एजंटने त्याला दुसऱ्याच अमिरातीतल्या फ्री झोनचा परवाना काढून दिला. व्हिसा मिळाला, कार्ड छापले, घरी मिठाई वाटली. आणि मग कळले की या परवान्यावर देऱ्यात गाळा घेऊन गिऱ्हाइकाला माल विकता येत नाही. दुबईने अलीकडे तिथल्या फ्री झोन कंपन्यांना काही कामांसाठी मेनलँडची वेगळी परवानगी द्यायला सुरुवात केली आहे, पण ती वेगळी फी भरून घ्यायची असते आणि तिने किरकोळ दुकान उघडता येईल असे धरून चालू नये. या मुलाला पहिल्या दिवसापासून मेनलँडचा व्यापारी परवाना हवा होता. गाळ्याचा करार ‘इजारी’मध्ये नोंदवून आणि खाण्याच्या मालासाठी दुबई नगरपालिकेची मंजुरी घेऊन.

उलट, पनवेलचा एखादा मुलगा संगणकाचे काम करतो, गिऱ्हाइके लंडनची नि सिंगापूरची, दुकान लागत नाही. त्याला फ्री झोन उत्तम. हिशेबनीस, सल्लागार अशा कसबाच्या कामांना मेनलँडवर व्यावसायिक परवाना असतो. त्यात मालकी पूर्वीपासून पूर्ण आपलीच राहत आली आहे. मात्र कामानुसार पदवीची कागदपत्रे साक्षांकित करून मागतात, ते काम इथूनच करून निघावे.

परवान्यावर जे काम लिहिलेले असते तेवढेच करता येते. मोबाइल विकण्याचा परवाना घेऊन दुरुस्ती सुरू केली तर दंड. म्हणून एजंटला ‘किती लागतील’ विचारण्याआधी आपण नेमके काय विकणार, कोणाला, कुठे, हे एका कागदावर मराठीत का होईना लिहून काढावे. नावाचेही नियम आहेत. आपल्याकडे बरकतीसाठी दुकानाच्या पाटीवर अल्लाहचे नाव घालतात. तिथे कंपनीच्या नावात ते चालत नाही.

एकट्याच्या नावावरचा परवाना काढावा की मर्यादित जबाबदारीची कंपनी, हा प्रश्न लोक फी पाहून सोडवतात. एकट्याच्या नावावरच्या धंद्याचे कर्ज हे त्या माणसाचेच कर्ज, म्हणजे देणेकरी त्याच्या खासगी मालमत्तेपर्यंत येऊ शकतो. मर्यादित कंपनीत सहसा कंपनीपुरतेच अडकते, आणि अशी कंपनी एकटा माणूसही काढू शकतो. घरचा विचार केला तर थोडे जास्त पैसे इथे घालावेत असे मला वाटते.

आणि भागीदारी! दोन भाऊ, एक मेहुणा. पैसा तिघांचा, परवाना ज्याच्याकडे व्हिसा आहे त्याच्या नावावर. ‘घरचाच माणूस आहे, लिहायचे काय?’ कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी कंटाळू नका, हेच सांगते. ती आपण तिलावतीत वाचतो आणि गल्ल्यावर विसरतो. ज्याच्या नावावर परवाना आहे तो दुनियेतून गेला, की बँक खाते अडकते आणि तिथल्या कोर्टातून वारसांचे हिस्से ठरतात. कागदावर नसलेल्या भावाचा हिस्सा त्यात कुठून येणार? पनवेलला बसलेल्या विधवेला हे सगळे वकिलामार्फत अरबी कागदांतून समजून घ्यावे लागते.

पुढच्या तारखांचे चेकही जपून द्यावेत. दुबईत भाडे बहुधा अशा चेकांनीच दिले जाते. खात्यात पैसे नसल्याने चेक न वटणे हा २०२२पासून सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण देणेकरी त्या चेकवर थेट वसुलीला जाऊ शकतो आणि प्रवासबंदीही लागू शकते.

कर नाही म्हणून दुबई, हेही आता अर्धेच खरे. २०१८पासून ५ टक्के व्हॅट आहे. वर्षाची करपात्र विक्री ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. २०२३पासून कंपन्यांच्या ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. फ्री झोनमध्ये अटी पाळल्या तर काही उत्पन्नाला सूट मिळते, पण नोंदणी तिथेही करावीच लागते.

एजंट ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही ती बाजू आपल्या देशातली. तिकडे राहून कमावलेल्या पैशातून अनिवासी माणसाने कंपनी काढली तर अडचण नाही. पण पनवेलमध्ये राहून तिथे कंपनीत पैसे घालायचे असतील तर २०२२चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात. एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, बँकेमार्फत, ठरलेला फॉर्म भरून आणि गुंतवणुकीचा क्रमांक घेऊनच पैसे पाठवता येतात. वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवल्यास वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर हातातली रोकड कमी पडते. कंपनीचा ताबा आपल्याकडे असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत अहवाल द्यायचा आणि आयकर विवरणपत्रात परदेशातली मालमत्ता दाखवायची. हवाल्याने पाठवलेला पैसा यातल्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. पुढे नफा परत आणायची वेळ आली, की बँक पहिला प्रश्न हाच विचारते: मूळ रक्कम गेली कशी?

बऱ्याच जणांना खरे तर परदेशी परवान्याची गरजच नसते. हापूस, सुकी मासळी, तांदूळ दुबईला पाठवायचा असेल तर पनवेलच्याच पत्त्यावर आयात-निर्यात क्रमांक काढावा. त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे. सोबत एफएसएसएआयचा परवाना, आणि आंबा-तांदळासाठी अपेडाची नोंदणी. तिकडचा परवाना, गोदाम, नगरपालिका हा सगळा व्याप तिथल्या खरेदीदाराचा. मे २०२२पासून भारत आणि अमिरातीत व्यापार करारही आहे. दोन-तीन हंगाम असा माल पाठवला, गिऱ्हाईक कळले, कोण पैसे वेळेवर देतो ते समजले, मग तिकडे गाळा पाहायला जावे.

शेवटी एजंटला आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: धंदा नाही चालला तर परवाना बंद कसा करायचा आणि त्याला किती लागतील? नूतनीकरण न करता विमानात बसून परत आलेल्यांच्या नावावर दंड साठत राहतो आणि पुढे नोकरीच्या व्हिसासाठी गेले की तोच आडवा येतो. हा खर्चही पहिल्याच हिशेबात धरून लेखी घ्यावा.