बढती नको गं बाई!

संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज घेऊन तहसील कचेरीत माझ्या सारख्या खेपा असतात. तिथे आता टेबलाटेबलावर बायका दिसतात. 1994च्या महिला धोरणानंतर राज्य सरकारच्या नोकऱ्यांत 30 टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, त्याचं हे फळ. पण सही घ्यायला आत गेलं, की खुर्चीत बहुतेक वेळा साहेबच! कारण मैत्रिणींनो, हे आरक्षण सरळसेवा भरतीपुरतं आहे. पुढे ज्येष्ठता, खात्याच्या परीक्षा आणि मग बढती. अन् बढतीच्या हात धरून येते ती बदली.

आमच्या शेजारीच एक लिपिक राहते. मुलीला झोपवून, रात्री जागून अभ्यास केला आणि महसूल अर्हता परीक्षा पास झाली. काही वर्षांनी अव्वल कारकून म्हणून बढती आली, पण ठिकाण दुसऱ्या तालुक्यात. घरात सासरे अंथरुणावर, मुलगी दहावीला. तिने नकार लिहून दिला. ‘‘वहिनी, घर टाकून कुठे जाऊ?’’ म्हणाली. कचेरीत मात्र चर्चा, ‘‘बायकांना जबाबदारी नकोच असते.’’ तिच्या यजमानांची दोनदा बदली झाली, तेव्हा घराचं काय, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं! दरम्यान तिच्या मागचे दोघे पुढे गेले. मधल्या पायरीवरच बायका अशा गळाल्या तर वरच्या केबिनमध्ये त्या दिसणार कुठून?

एके काळी हा अडसर चक्क कागदावर होता. 1951 मध्ये आयएएसमध्ये आलेल्या ॲना राजम मल्होत्रा यांच्या नेमणूकपत्रात लग्न केल्यास नोकरी संपेल, अशी अट होती. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मांना तर बढतीसाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. 1979 मध्ये न्यायालयाने असल्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. आणि आपल्याकडे? राज्य झालं 1960 मध्ये, पहिल्या महिला मुख्य सचिव सुजाता सौनिक आल्या 2024 मध्ये!

2018 मध्ये राज्याने 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. चांगलंच झालं. पण ती आईला. बापाला हवी तर बायको हयात नसावी, नाहीतर अंथरुणाला खिळलेली असावी! म्हणजे मुलाचं दुखणंखुपणं सरकारदरबारीही बाईच्याच नावावर.

निदान पहिली बढती तरी राहत्या किंवा लगतच्या तालुक्यात द्या, एवढंच या बायकांचं म्हणणं. तेही लेखी मागायला धजत नाहीत. गोपनीय अहवाल साहेबच लिहिणार ना!