विशेष गरजा असलेल्या मुलाचे प्रतिपालक होताना

आई-वडिलांजवळ राहू न शकणाऱ्या मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात वाढवणे म्हणजे प्रतिपालकत्व. दत्तक घेतलेले मूल आडनाव आणि वारसाहक्कासह कायमचे त्या घरचे होते. प्रतिपालकत्वात तसे होत नाही. मुलाचा ताबा बाल कल्याण समितीच्या आदेशाने मिळतो, घरावर तिची देखरेख राहते आणि परिस्थिती सुधारली तर मूल जन्मदात्यांकडे परतू शकते. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 मध्ये ही तरतूद आहे. अमेरिकेत दिव्यांग किंवा मनावर खोल आघात झालेल्या मुलांसाठी उपचारात्मक प्रतिपालकत्वाची स्वतंत्र व्यवस्था आहे. तेथे पालकांना आधी प्रशिक्षण मिळते आणि तज्ज्ञांचे पथक त्यांच्या पाठीशी राहते. भारतीय कायद्यात असा वेगळा वर्ग नाही, त्यामुळे ते पथक पालकांनाच तुकड्यातुकड्यांनी जमवावे लागते.

भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडीतील एखाद्या कुटुंबाने असे मूल घरी आणायचे ठरवले, तर त्याचा संबंध ठाण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी येतो. पती-पत्नी दोघांची तयारी, शारीरिक व मानसिक आरोग्य, उत्पन्न, घरातील जागा आणि गुन्ह्याची पार्श्वभूमी नसणे हे सारे तपासले जाते. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन अहवाल तयार करतो आणि त्यावर समिती निर्णय घेते. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तींनाही ही वाट खुली केली. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी देता येत नाही. दोन वर्षे मूल नीट रुळले, तर तेच कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकते. पूर्वी त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागे.

संस्थेपेक्षा घर बरे, याला भावनेपलीकडचा आधार आहे. रुमानियातील बुखारेस्ट शहरात अनाथालयांतील 136 लहान मुले अभ्यासासाठी निवडली गेली आणि त्यांतली निम्मी चिठ्ठी टाकल्यासारखी प्रतिपालक घरांत पाठवली गेली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरात वाढलेल्या मुलांची बौद्धिक वाढ सरस होती आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. जनुकीय व्याधी असलेली मुले त्या अभ्यासात घेतली नव्हती. म्हणून घर मिळाले की मूळ अपंगत्व ओसरेल, अशी आशा त्यावरून बांधू नये.

खरी परीक्षा मूल घरी आल्यावर सुरू होते. उपासमार सोसलेले मूल उशीखाली पोळी लपवते, मारहाण झालेले अंगाला हात लागताच किंचाळते, स्वमग्न मूल ताटाची जागा बदलली तरी जेवत नाही. हा हट्ट नव्हे, आणि ओरडण्याने असे वागणे वाढतेच. ठरलेल्या वेळा, तीच माणसे, हळू आवाज यांनी महिन्या-महिन्यांनी फरक पडतो. फिट येणाऱ्या मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग नसतो. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर लगेच दवाखाना गाठावा. घरातल्या आजी-आजोबांना आणि शेजाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रतिपालकत्वासाठी दरमहा 4,000 रुपये मिळू शकतात. महाराष्ट्र राज्याची बालसंगोपन योजना 1975 पासून चालू आहे. ती आता सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखली जाते आणि 2023 मध्ये तिची रक्कम 1,100 वरून 2,250 रुपये झाली. ही मदत आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. अंबाडीहून उपचारासाठी ठाण्याला जायचे म्हणजे भिवंडी ओलांडायची. मजुरी करणाऱ्या घराचा त्यात अख्खा दिवस आणि त्या दिवसाची कमाई जाते. फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक ठरलेल्या वारी गावापर्यंत आले, तर असे मूल सांभाळणाऱ्या घरांची संख्या वाढेल. निरामय विमा योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. शाळेत पोहोचू न शकणाऱ्या तीव्र दिव्यांग मुलाला घरी शिक्षण मिळण्याचा हक्क आहे.

अठराव्या वर्षी बाल कल्याण समितीचा प्रतिपालकत्वाचा आदेश संपतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी 123 बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वय वाढले म्हणून अशा मुलांना निवारा सोडायला लावू नये, ही त्यांची जुनी मागणी आहे. अठरानंतर मुलाचे काय, हाच प्रश्न प्रतिपालक कुटुंबापुढेही येतो. निरामय योजनेतील वरील चार प्रकारांपैकी दिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याची कागदपत्रे मूल सतरा वर्षांचे असतानाच गोळा करायला घ्यावीत.