चिमणरावांच्या बाजूला उभा राहिलेला नट

१९७७ साली मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ सुरू झाली, तेव्हा दूरदर्शनच्या लहरी मुंबई-पुण्याच्या पट्ट्यापलीकडे फारशा जात नव्हत्या. आमचं राळेगावच काय, अख्खा यवतमाळ जिल्हा त्या मालिकेला मुकला. आपल्याकडे गुंड्याभाऊ आले ते चि. वि. जोशींच्या पुस्तकांतून. म्हणूनच मालिकेत गुंड्याभाऊ साकारणाऱ्या बाळ कर्वे यांनी नेमकं काय केलं, हे पुस्तक आधी वाचलेल्या माणसाला जास्त नीट कळू शकतं. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ चिमणराव स्वतः सांगतात. तिथले गुंड्याभाऊ दिसतात ते चिमणरावांच्या नजरेतून, घाबरट माणसाला आपला धिप्पाड भाऊ दिसावा तसे. त्यांच्या मनात काय चाललंय, हे पानावर कुठेच नाही. कॅमेऱ्यापुढे मात्र निवेदकाचा आडपडदा उरत नाही. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव बोलत असताना शेजारी सोटा धरून उभ्या असलेल्या माणसाने काय करायचं, हे नटालाच ठरवावं लागतं. कर्व्यांनी ते ऐकण्याने भरून काढलं. त्यांचे गुंड्याभाऊ भावाचं म्हणणं मनापासून ऐकतात, त्यावर विश्वास ठेवतात आणि मग तेवढ्याच मनापासून गोंधळ वाढवतात.

यश चि. विं.च्या लेखणीचं आणि प्रभावळकरांचं, कर्व्यांना आयती देहयष्टी लाभली होती, असं कुणी म्हणेल. लेखणीचं श्रेय निर्विवाद आहे. पण हीच जोडी दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी १९४० च्या सुमारास बोलपटांत गाजवली होती. म्हणजे नव्या नटांना कोरी पाटी मिळाली नव्हती, तुलना ठरलेलीच होती. आणि नुसत्या देहयष्टीवर एखादा प्रवेश निभावतो, आठवड्यामागून आठवडे चालणारी मालिका नाही. कर्वे तेव्हा सत्तेचाळिशीचे, प्रभावळकरांहून चौदा वर्षांनी मोठे. तरी पडद्यावर त्यांनी वडीलकी गाजवली नाही, विनोदाचा शेवटचा घास दर वेळी चिमणरावांसाठी ठेवला. हा संयम मला त्यांच्या अभिनयातली सर्वांत अवघड गोष्ट वाटते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: एकाच भूमिकेने नट गिळला. ‘रथचक्र’पासून ‘कुसुम मनोहर लेले’पर्यंत नाटकं करूनही लोकांनी त्यांना गुंड्याभाऊच म्हटलं. हे नुकसान नाकारण्यात अर्थ नाही. पण दोष भूमिकेचा नाही, आपल्या मोजपट्टीचा आहे. अमेरिकेत ‘द अँडी ग्रिफिथ शो’मधल्या गडबड्या डेप्युटीच्या कामासाठी डॉन नॉट्स यांना साहाय्यक अभिनेत्याचे पाच एमी पुरस्कार मिळाले, शीर्षकात नाव दुसऱ्याचं असूनही मालिकेच्या यशात त्यांचा वाटा किती, हे तिथे वेळीच मोजलं गेलं. आपण साहाय्यक नटावर प्रेम भरपूर करतो, त्याच्या कामाबद्दल लिहीत मात्र नाही. बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेले. १९७९ चा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट याच जोडीचा आहे. तो कधी पाहायला मिळाला, तर एकदा फक्त गुंड्याभाऊंकडे बघा, विशेषतः ते बोलत नसताना.