धान खरेदीचं सॉफ्टवेअर लिहिण्याआधी

भंडारा जिल्ह्यात खरिपाचा धान निघाला की हमीभाव केंद्रांवर गर्दी होते. पणन महासंघासाठी स्थानिक सहकारी संस्था धान मोजून घेतात. त्याआधी शेतकऱ्याची ऑनलाइन नोंदणी लागते. या नोंदणीचं आणि खरेदीचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचं ठरलं असं धरू. अभियंत्याने काय विचारावं?

‘नोंदणीचा फॉर्म करून द्या’ एवढ्यावर काम भागत नाही. सातबारा, आधार, पासबुक या तिन्हींवर नाव सारखंच असेल याची खात्री नसते. सातबारा भावाभावांचा सामायिक, रोवणी एकाची. कधी बांधी ठेक्याने दिलेली. मग पैसे कोणाच्या खात्यात? संमतिपत्र कोणाचं? एकाच गट क्रमांकावर दोघांनी नोंदणी केली तर? प्रोग्रॅमरने ही उत्तरं मनाने ठरवू नयेत. ज्याला अधिकार आहे त्याच्याकडून ती लेखी घ्यावीत, नाहीतर चुकीचा नियम मुकाट्याने कोडमध्ये जाऊन बसतो.

पिकाची नोंद 2021 पासून शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीतून करतो. ती राहून गेली, तर अर्ज फेटाळायचा की तलाठ्याकडे पाठवायचा?

हमीभाव हंगामागणिक बदलतो: साधारण धानाला 2023-24 मध्ये क्विंटलला 2,183 रुपये, पुढच्या वर्षी 2,300. म्हणून दर बदलता यावा, पण जुन्या पावतीवरचा आकडा हलू नये. ओलाव्याची मर्यादा 17 टक्के. यंत्राने 17.2 दाखवलं तर? परत नेलेला धान वाळवून आणला, तर तो जुनाच लॉट की नवा?

‘जलद चालावं’ ही मागणी तपासता येत नाही, आणि तपासता येणं ही तर आयएसओच्या 29148 या मानकाचीही अट आहे. शेवटच्या तारखेला एकाच तासात किती केंद्रं काम करतील, पावती किती सेकंदांत हवी, हे आकड्यात हवं. लाखांदूरकडे नेटवर्क गेलं आणि नोंद कागदावर झाली, तर रांगेतला क्रमांक कोणत्या वेळेवरून ठरणार?

यातलं बरंच कार्यालयात कळत नाही. काट्याजवळ उभं राहावं, ग्रेडर आणि ऑपरेटरचं काम पाहावं, रजिस्टरच्या समासातली टिपणं वाचावीत. अपवाद तिथेच लिहिलेले असतात, आणि माझ्या मते निम्मं सॉफ्टवेअर अपवादांचंच असतं.

शिवाय नोंद पुढे कोण वापरणार? धान भरडाईला जातो आणि साध्या भरडाईत क्विंटलमागे 67 किलो तांदूळ जमा करावा लागतो. हा हिशेब जुळायचा तर हंगाम, प्रत आणि गोदाम खरेदीच्या वेळीच प्रत्येक लॉटला जोडलेले लागतात.