सेवेची पदवी

बीडहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता मांजरसुंब्यास येतो, तेव्हां त्यास पाटोद्याची व केजची वाट मिळते. दसरा उलटला कीं या चौकांतून ऊसतोड्यांच्या मालमोटारी जाऊं लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाची उचल याच हिशेबानें मिळते. वयांत येत असलेली मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही आईबापांची चिंता. तिचें लग्न लावून दिलें म्हणजे चिंताहि मिटते व नवा कोयताहि उभा राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं ४३ टक्क्यांहून अधिक जणींचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं.

शिक्षकास ही गोष्ट वर्गांतल्या रिकाम्या बांकावरून कळते. पण कळून करावें काय? आपण चार शब्द सांगावे, आईबापांनीं मान खालीं घालून ऐकावे, आणि मोटार निघून जावी.

समाजसेवेचीहि पदवी असते, हें प्रथम ऐकलें तेव्हां मला हसूं आलें होतें. दया कां कोठें शिकवितां येते! आमच्या घरांतून वार लावून जेवलेले विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या शिकून गेले. त्यांस वाढणाऱ्या माउलींनीं कोणती परीक्षा दिली होती? हें मत मला बदलावें लागलें, तें १०९८ या आंकड्यामुळें.

१९३६ सालीं मुंबईस नागपाड्यांत सर दोराबजी टाटा यांच्या नांवें समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन गृहस्थ तिचे पहिले संचालक. तीच पुढें टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तिची एक शाखा आमच्या याच रस्त्यावर, तुळजापुरास, आहे. या संस्थेंत शिकलेल्या मेधा पाटकर यांचें नांव नर्मदेच्या आंदोलनानें घरोघर पोंचलें. जेरू बिलिमोरिया यांचें तितकें कोणी घेत नाहीं. त्यांनीं समाजकार्याचें शिक्षण येथेंच घेतलें, येथेंच तें शिकविलें, आणि १९९६ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांसाठीं एक दूरध्वनि सुरू केला. दहा, नऊ, आठ : अक्षरशत्रु पोरासहि पाठ व्हावा असा आंकडा, आणि त्यास पैसाहि पडत नाहीं. ही सेवा देशभर पसरली. २०२३ मध्यें सरकारनें ती आपल्या हातीं घेतली.

आमच्याकडे मांडव पडला कीं एखादी मैत्रीण नांव न सांगतां हा आंकडा फिरविते. २००६ च्या कायद्याखालीं आपल्या राज्यांत खेड्यांत ग्रामसेवक हा बालविवाह-प्रतिबंधक अधिकारी. पण त्यास त्याच गांवांत वावरावयाचें असल्यानें तो एकटा पडतो. मग समाजकार्य शिकलेली बाई त्याच्याबरोबर जाते. आधीं शाळेंतून जन्मतारखेचा दाखला काढते. पोलीस बरोबर असतात, पण ती प्रथम बोलते नवरीच्या आजीशीं. लेखी हमी घेतली जाते, मुलीस बालकल्याण समितीपुढें नेतात. आणि महिन्या-दोन महिन्यांनीं तिला पुन्हां जावें लागतें. कारण येथें मोडलेलें लग्न दुसऱ्या तालुक्यांत, पहांटे, एखाद्या देवळांत गुपचूप लागतें. हें दुसऱ्यांदा जाणें नुसत्या कळवळ्यानें होत नाहीं, हें मला उशिरां उमगलें.

आपल्या घरची मुलगी ही पदवी घेऊं म्हणाली, तर ‘पोटाचें काय?’ असें आपण विचारतों. प्रश्न खोटा नाहीं. यांतील पुष्कळ जागा कंत्राटी, मानधन तुटपुंजें. पण तो मुलीस विचारण्याऐवजीं सरकारास विचारला पाहिजे. लग्न थांबलेल्या मुलीचे आईबाप तर ऊसाला जाणारच. मागें ती राहावी कोठें? म्हणून हंगामी वसतिगृहांची मागणी हीं मंडळी लावून धरितात. तीं उघडावयाचीं तर दिवाळीनंतर उघडून उपयोग नाहीं; पहिली मोटार चौकांतून निघण्यापूर्वीं उघडलीं पाहिजेत.