वेबसाइटचा मेनू गिऱ्हाइकाच्या पडद्यावर उघडतो का?

जोगेश्वरी-ओशिवरा पट्ट्यात एस. व्ही. रोडला लागून फर्निचरच्या दुकानांची रांग आहे. सोफे कुठे, पलंग कुठे, हे सांगायला दुकानात माणूस उभा असतो. वेबसाइटवर हेच काम मेनू करतो. ‘पलंग’ या शब्दावर गेले की खाली सागवानी, शिसवी, लोखंडी अशी यादी उघडते. यालाच ड्रॉप-डाउन मेनू म्हणतात. ती उघडली नाही तर माल असूनही दुकान बंदच म्हणायचे. बरे, मालकाला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या संगणकावर यादी व्यवस्थित उघडत असते. गिऱ्हाईक तक्रार करीत बसत नाही. ते दुसऱ्या दुकानाकडे वळते.

या दुखण्याचे मूळ जुने आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. पुढे १९९७ मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या आणि वेबपाने बनविणाऱ्या कारागिरांची पंचाईत झाली. लपविलेली यादी दाखवायची तर नेटस्केपमध्ये ‘डॉक्युमेंट डॉट लेयर्स’ लिहावे लागे, एक्सप्लोररमध्ये ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’. म्हणजे एकाच कुलपाला दोन किल्ल्या! एवढ्यावर भागत नव्हते. नेटस्केपमध्ये खिडकीचा आकार बदलला की मांडणी विस्कटे, म्हणून पान पुन्हा मागवण्याची सोय करावी लागे. एक्सप्लोररमध्ये फॉर्ममधील निवडीचा रकाना उघडलेल्या मेनूला भेदून वर येई. मराठी-उर्दू पानांचे हाल तर दुप्पट होते, कारण पानासोबत पाठवायचा फॉन्टही दोघांना वेगवेगळ्या प्रकारचा लागे.

ऑक्टोबर १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सर्वांसाठी एक रीत ठरवून दिली. पानावरील वस्तूला तिच्या ओळखीच्या नावाने हाक मारायची, ‘गेट एलिमेंट बाय आयडी’. मग जाणत्या कारागिरांनी ब्राउझरचे नाव विचारणे सोडले. ‘तुला हे काम येते का?’ एवढेच स्क्रिप्टमध्ये विचारायचे आणि येत असेल तर काम सांगायचे. सुताराचे गाव विचारण्यापेक्षा त्याला रंधा मारता येतो का ते पाहावे, तसेच हे आहे. नाव पाहून लिहिलेली स्क्रिप्ट नवी आवृत्ती आली की अडते.

नोव्हेंबर २००३ मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी आणखी सोपी वाट दाखवली. मेनू म्हणजे साधी यादी, आत पोटयादी, उघडझाप स्टाइलशीटकडे. एक्सप्लोररला फक्त दुव्यावरच माउस आल्याचे समजे, म्हणून तेवढ्यापुरती सुमारे डझनभर ओळींची स्क्रिप्ट. यातला खरा फायदा असा, की स्क्रिप्ट चालली नाही तरी मूळ यादी पानावर असतेच.

नेटस्केपची देखभाल मार्च २००८ मध्ये थांबली, एक्सप्लोररही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. आता भांडण माउस आणि बोट यांच्यात आहे. मोबाइलवर बोट एकतर टेकते किंवा टेकत नाही, माउससारखे नुसते वर फिरत नाही. त्यामुळे माउस नेल्यावरच उघडणारा मेनू फोनवर अडतो, नाहीतर उघडल्यावर मिटत नाही. म्हणून मथळ्याला बटण करावे. दाबले की उघडेल, पुन्हा दाबले की मिटेल. एस्केप कळीनेही मिटेल. माउससाठी मिटण्याआधी अर्ध्या सेकंदाची सवड ठेवावी, नाहीतर तिरका हात जाताच यादी गुडूप होते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना उर्दू पानही हवे असते. तिथे मेनू उजव्या कडेपासून सुरू व्हावा आणि पोटयादी डावीकडे उघडावी. पानाची दिशा ‘आरटीएल’ केली तरी जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘लेफ्ट’चे आकडे ठोकून बसवलेले असतील तर यादी पडद्याबाहेर जाते. मराठीत शब्द लांब असतात, तेव्हा रुंदीही बांधून टाकू नये.

वेबसाइट करून घेणाऱ्या व्यापारी बांधवांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एवढे करावे. कारखान्यातील कामगाराचा सर्वांत जुना फोन मागून घ्यावा आणि त्यावर तीन वस्तू शोधून पाहाव्यात. मग संगणकावर माउस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी त्याच तीन वस्तूंपर्यंत पोहोचावे. शेवटी ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बंद करून ‘पलंग’वर दाबावे. निदान पलंगांचे साधे पान तरी उघडलेच पाहिजे. नाही उघडले, तर काम परत पाठवावे आणि हप्ता तोवर गल्ल्यातच राहू द्यावा.